दोष अलाइनमेंटचाच असतो का?

चाळीस-पन्नास वर्षांची शिडाची बोट. बंदरातून बाहेर पडताना इंजिन सुरू होतं, गिअर पडतो, थ्रॉटल पुढे सरकतो आणि मिनिटाला १,८०० फेऱ्यांच्या आसपास पायाखालची फळी थरथरायला लागते. सुकाणूच्या दांड्यात ती हाताला जाणवते. आतल्या ओट्यावरचे कप वाजतात. धक्क्यावर परत आल्यावर शेजारच्या बोटवाल्याला विचारलं की हमखास एकच उत्तर मिळतं: अलाइनमेंट गेलं असेल, इंजिन रेषेत आणून घ्या. मग मिस्त्री येतो, माउंटिंगच्या नटांना पाना लागतो, दिवस जातो, पैसेही जातात आणि पुढच्या रविवारी थरथर जिथल्या तिथे असते.

अलाइनमेंट म्हणजे गिअरबॉक्सची आणि पंख्याच्या शाफ्टची रेषा एक असणं. ती बिघडते, आणि बिघडली की त्रासही देते. पण जुन्या बोटींच्या दुरुस्तीचा जो अनुभव आज जमा आहे, तो एकत्र ठेवून पाहिला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. अलाइनमेंटवर ठपका सगळ्यांत आधी येतो, आणि तपासाच्या क्रमात मात्र त्याचा नंबर जवळजवळ शेवटी लागायला हवा. पंखा, बेअरिंग, शाफ्ट आणि माउंटिंग यांची खात्री होण्याआधी इंजिन हलवणं म्हणजे वाकड्या पट्टीने रेघ मारणं आहे.

हा प्रश्न मूठभर हौशी लोकांपुरता नाही. फायबरग्लासचं कवच कुजत नाही, त्यामुळे १९६०च्या दशकापासून अमेरिकेत आणि युरोपात बनलेल्या हजारो बोटी आजही पाण्यात आहेत. कॅलिफोर्नियातली ‘कॅटलिना ३०’ ही तीस फुटी बोट १९७०च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आली आणि सहा हजारांहून अधिक संख्येने बनली. तिच्या सुरुवातीच्या अनेक बोटींत ‘अॅटॉमिक ४’ हे पेट्रोल इंजिन होतं. विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश इथल्या युनिव्हर्सल कंपनीने हे चार सिलिंडरचं, सुमारे ३० अश्वशक्तीचं इंजिन १९४९ ते १९८४ या काळात बनवलं. त्यांची संख्या चाळीस हजारांच्या घरात जाते. या बोटींची कवचं टिकली, इंजिनं बदलली, मालक बदलले. शाफ्टची नळी मात्र पुष्कळदा पहिलीच राहिली.

जुन्या बोटी म्हणजे भंगार, असंही नाही. ‘गोल्डन ग्लोब रेस’ या एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत १९८८पूर्वी आराखडा झालेल्या, ३२ ते ३६ फुटी, लांब कण्याच्या बोटीच चालतात. भारतीय नौदलाचे निवृत्त कमांडर अभिलाष टॉमी यांनी २०२२ची शर्यत ‘रस्टलर ३६’ जातीच्या बोटीतून पूर्ण करून २०२३च्या एप्रिलमध्ये दुसरा क्रमांक मिळवला. १९६८-६९च्या मूळ शर्यतीत एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे पहिले खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची सागवानी ‘सुहेली’ तर मुंबईत बांधलेली. तिच्याही पोटात डिझेल इंजिन होतं.

थरथर कुठून येते हे शोधायचं तर ही सगळी साखळी डोळ्यांसमोर हवी. इंजिन चार रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. त्याच्या फ्लायव्हीलला डॅम्पर प्लेट, मग गिअरबॉक्स, त्यातून बाहेर आलेली लोखंडी तबकडी आणि तिला बोल्टने जोडलेली शाफ्टची तबकडी. ही जोडी म्हणजे कपलिंग. तिथून शाफ्ट मागे जातो, पाणी आत येऊ न देणाऱ्या ग्लँडमधून आणि बोटीच्या तळातल्या नळीतून बाहेर पडतो. बाहेर त्याला रबरी बेअरिंग धरून ठेवतं. ते कधी नळीच्या तोंडाशी असतं, कधी तळाला लटकलेल्या ब्रॅकेटमध्ये. शेवटी पंखा. या साखळीची गंमत अशी की एका टोकाचा बिघाड दुसऱ्या टोकाला जाणवतो. वाकलेलं पातं इंजिन हलवतं, आणि पिचलेलं माउंटिंग ग्लँड गळवतं.

म्हणून पहिला प्रश्न ‘कुठे थरथरतंय’ हा नाही, ‘कधी थरथरतंय’ हा आहे.

बोट धक्क्याला घट्ट बांधून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिनाचे फेरे हळूहळू वाढवावेत. तेव्हाही थरथर असेल तर शाफ्टचा संबंधच नाही. दोष इंजिनात, इंजेक्टरमध्ये किंवा माउंटिंगमध्ये आहे. न्यूट्रलमध्ये शांत आणि गिअर टाकताच थरथर, तर संशय गिअरबॉक्सच्या मागच्या भागावर जातो. पण इथे घाई नको. गिअर टाकल्यावर इंजिनावर ओझं येतं आणि पंख्याचा रेटा माउंटिंगवर पडतो, त्यामुळे थकलेलं रबर न्यूट्रलमध्ये गप्प बसून ओझ्याखाली बोलू शकतं. शंका राहिली तर कपलिंगचे बोल्ट काढून शाफ्ट थोडा मागे सारावा, तो सरकणार किंवा फिरणार नाही असा बांधावा आणि मग गिअरमध्ये इंजिन चालवून पाहावं. थरथर टिकली तर शाफ्ट निर्दोष. शिडाच्या बोटीला आणखी एक चाचणी मिळते, जी मोटरबोटीला मिळत नाही. गिअरबॉक्सच्या पुस्तिकेत मनाई नसेल, तर शिडावर चांगला वेग असताना इंजिन बंद करून शाफ्ट पाण्याच्या जोराने मोकळा फिरू द्यावा. इंजिन बंद असताना गुणगुण किंवा खडखड ऐकू आली, तर ती पंख्याची, बेअरिंगची किंवा शाफ्टचीच.

वेगाबरोबर थरथर कशी बदलते, हेही बोलकं असतं. फिरणाऱ्या वस्तूचं वजन एका बाजूला जास्त असेल तर त्यातून येणारा झटका वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे दुप्पट, झटका चौपट. कपडे एका बाजूला गोळा झालेलं वॉशिंग मशीन पाणी पिळायला लागलं की जे करतं, तेच वाकडा पंखा करतो. याउलट थरथर एका ठरावीक फेऱ्यांवर उसळून त्यापुढे ओसरत असेल, तर तो अनुनाद असतो. माउंटिंगचं रबर, ब्रॅकेट किंवा शाफ्टचा आधाराविना राहिलेला लांब तुकडा आपल्या नैसर्गिक कंपनसंख्येवर आलेला असतो. शाफ्टच्या दोन आधारांमधलं अंतर त्याच्या व्यासाच्या साधारण २० ते ४० पट असावं, असा संकेत आहे. एखाद्या मालकाने मधलं बेअरिंग ‘नको ती कटकट’ म्हणून काढून टाकलेलं असेल, तर हा हिशेब बिघडतो.

आकडेमोड फार कठीण नाही. समजा, यानमारचं दोन सिलिंडरचं ‘२जीएम२०’ इंजिन आहे आणि गिअरबॉक्स २.६२:१चा आहे. इंजिन मिनिटाला २,६२० फेरे घेत असेल तर शाफ्ट १,००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला १७च्या आसपास. शाफ्ट वाकलेला किंवा पंखा असमतोल असेल तर थरथर या लयीत येते. दोन पात्यांचा पंखा पाण्याला सेकंदाला ३३ वेळा फटका मारतो, तीन पात्यांचा ५० वेळा. इंजिनातले स्फोट सरासरी ४४ वेळा होतात. ही जणू वेगवेगळी माणसं आहेत आणि त्यांचे आवाजही वेगळे आहेत. मोबाइल फोनमधल्या कंपनमापकावर चालणारी फुकट अॅप हे आवाज बऱ्यापैकी वेगळे करून दाखवतात. फोन इंजिनाच्या पायाशी किंवा ग्लँडजवळच्या फळीवर पक्का बसवायचा आणि आलेख पाहायचा. मर्यादा एवढीच की बहुतेक फोन सेकंदाला शंभरच्या आसपास नोंदी घेतात, त्यामुळे ५० हर्ट्झच्या वरचं चित्र भरवशाचं नसतं. तीन पात्यांचा पंखा तपासायचा असेल तर इंजिन जरा हळू चालवून मोजावं.

थरथर अचानक आली की हळूहळू वाढली, हा प्रश्न विचारायला काहीच खर्च नाही, तरी तो विचारला जात नाही. अचानक आलेली थरथर म्हणजे पंख्यात अडकलेला दोर, वाकलेलं पातं, निखळलेला ॲनोड किंवा तुटलेला माउंटिंगचा बोल्ट. महिन्या-महिन्याने वाढलेली थरथर बेअरिंग आणि रबर यांच्याकडे बोट दाखवते. बोट दुरुस्तीसाठी बाहेर काढून परत पाण्यात सोडल्यावर लगेच सुरू झाली, तर तिथे जे काही उघडलं-बसवलं गेलं, त्याकडे आधी पाहावं.

आता पाण्याखाली. तपास इथून सुरू करावा, कारण सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत वारंवार आढळणारी कारणं इथेच सापडतात. काही आठवडे उभ्या असलेल्या बोटीच्या पंख्यावर बार्नेकल जमतात. एका पात्यावर दहा आणि दुसऱ्यावर तीन जमले तरी समतोल जातो आणि पात्याची पाण्यावरची पकडही बदलते. रत्नागिरी-मालवणच्या ट्रॉलरवाल्यांना पंख्यात गुंतलेल्या जाळ्याचा अनुभव नवा नाही. शिडाच्या बोटीच्या शाफ्टभोवतीही असा नायलॉनचा वेढा बसतो आणि घर्षणाच्या उष्णतेने वितळून तिथे कडक कडं तयार होतं. शाफ्टवर दोन अर्ध्या तुकड्यांत बसवलेला जस्ताचा ॲनोड एका बाजूने जास्त झिजला किंवा त्याचा एक स्क्रू सुटला, तर तोही असमतोलाला पुरेसा असतो. म्हणून इंजिनाला हात लावण्याआधी कुणीतरी डुबकी मारून पंखा पाहायलाच हवा. इंजिन बंद, चावी खिशात, मगच डुबकी.

शिडाच्या बोटींवर मिटणारे पंखेही असतात. शिडावर चालताना पाण्याचा विरोध कमी व्हावा म्हणून त्यांची पाती मागे मिटतात आणि इंजिन सुरू केल्यावर फिरण्याच्या जोराने उघडतात. जुन्या पंख्यात खिळी आणि दाते झिजले की एक पातं पूर्ण उघडतं, दुसरं अर्धवट. गिअर टाकल्यावर जोराची थडथड आणि थ्रॉटल एकदा सोडून परत देताच शांतता, हे त्याचं खास लक्षण.

पंखा बसवताना होणारी एक चूक मात्र फार कमी लोक शोधतात. पंखा शाफ्टच्या निमुळत्या टोकावर बसतो आणि मध्ये चावी, म्हणजे खाचेत बसणारी धातूची पट्टी, असते. चावी जराशी उंच असली की पंखा निमुळत्या भागावर न टेकता चावीवर चढून बसतो. मग तो शाफ्टच्या मध्याशी केंद्रित नसतो आणि कितीही बॅलन्सिंग करून आणला तरी थरथरतो. परीक्षा सोपी आहे. चावी न घालता पंखा हाताने घट्ट बसवायचा, शाफ्टवर पेन्सिलीने खूण करायची. मग चावी घालून बसवायचा. पंखा त्याच खुणेपर्यंत आला पाहिजे. एक मिलिमीटर जरी मागे राहिला, तरी चावी घासायला हवी.

काही थरथर बिघाडाची नसतेच, आराखड्याची असते. लांब कण्याच्या जुन्या बोटींत पंखा कण्याच्या जाड लाकडामागे किंवा फायबरग्लासच्या भिंतीमागे फिरतो. त्या आडोशात पाणी मंद असतं. दोन पात्यांचा पंखा असेल तर दोन्ही पाती एकाच क्षणी त्या मंद पाण्यातून जातात आणि प्रत्येक फेऱ्याला दोन ठोके बसतात. तीन पात्यांत एका वेळी एकच पातं आडोशात असतं. मोठ्या जहाजांनाही हा धडा शिकावा लागला. फ्रान्सचं ‘नॉर्मांडी’ हे अटलांटिक पार करणारं प्रवासी जहाज १९३५मध्ये पहिल्या सफरीवर निघालं आणि वेगाचा विक्रम करून न्यूयॉर्कला पोचलं; पण मागच्या भागात थरथर इतकी होती की तिथल्या प्रवाशांना बसवेना. पुढच्या हंगामाआधी तीन पात्यांचे पंखे काढून चार पात्यांचे बसवले गेले आणि तक्रार पुष्कळ कमी झाली.

याच्याशी जोडलेला एक प्रकार आजकाल वाढला आहे, तो इंजिन बदलल्यानंतरचा. ‘अॅटॉमिक ४’ बहुतांश बोटींत शाफ्टला थेट, म्हणजे १:१ जोडलेलं होतं, आणि वेगाने फिरणारा छोटा पंखा त्याला पुरायचा. त्या जागी डिझेल इंजिन आणि २.६२:१चा गिअरबॉक्स आला की शाफ्ट सावकाश फिरतो, त्यामुळे पंखा मोठा लागतो. बोटीच्या तळाखालची जागा मात्र तेवढीच असते. पात्याचं टोक आणि तळ यांच्यात पंख्याच्या व्यासाच्या निदान १० टक्के, शक्यतो १५ टक्के मोकळी जागा हवी. ४० सेंटिमीटरच्या पंख्याला किमान ४ सेंटिमीटर. ती दोनच सेंटिमीटर उरली तर प्रत्येक पातं जाताना तळावर दाबाचा फटका मारतं आणि तो आवाज केबिनमध्ये ढोलासारखा घुमतो. इथे अलाइनमेंट दहा वेळा केलं तरी काही होणार नाही. व्यास कमी करून पात्याचा पीच वाढवलेला किंवा जास्त पात्यांचा पंखा, एवढाच उपाय.

पंख्यानंतर बेअरिंग. पितळी कवचात खाचांचं रबर असलेलं हे ‘कटलेस’ बेअरिंग १९२०च्या दशकात आलं. त्याची जन्मकथा अशी सांगतात की चार्ल्स शेरवुड नावाच्या खाण अभियंत्याकडे कॅलिफोर्नियातल्या खाणीत पंपाचं बेअरिंग निकामी झालं, त्याने तात्पुरता रबरी नळीचा तुकडा बसवला आणि तो मूळ बेअरिंगपेक्षा जास्त टिकला. पाणी हेच त्याचं वंगण. गाळाचे कण रबरात दबतात, खाचेत जातात आणि पाण्याबरोबर वाहून निघतात. ते तपासायला हत्यार लागत नाही. बोट बाहेर काढली की पंख्याजवळ शाफ्ट दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि आडवा हलवायचा. २५ मिलिमीटरच्या शाफ्टला दीड मिलिमीटरच्या वर प्ले आला तर बेअरिंग बदलायची वेळ झाली. काढलेलं जुनं बेअरिंग मात्र फेकू नये. त्याच्या आतली झीज वाचता येते. सगळीकडून सारखी झीज म्हणजे वय. पुढच्या तोंडाशी वरून आणि मागच्या तोंडाशी खालून खाल्लेलं रबर म्हणजे शाफ्ट तिरका चालतोय, आणि इथे खरोखरच अलाइनमेंटचा पुरावा हाती येतो. बेअरिंगबरोबर ब्रॅकेटही धरून हलवावा. तळाशी त्याच्या मुळाजवळ केसासारखी भेग किंवा ओल दिसली तर थरथरीचा तपास बाजूला ठेवून आधी तो ब्रॅकेट उघडायला हवा.

शाफ्ट सरळ आहे का, हे डायल गेजच सांगतं. डोळा फसतो. गेज पक्क्या जागी बसवून शाफ्ट हाताने सावकाश फिरवला की काटा किती हलतो ते दिसतं. लहान बोटीच्या शाफ्टला काही थाऊपेक्षा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त हेलकावा चालत नाही. स्टेनलेस स्टीलच्या शाफ्टचा आणखी एक शत्रू असतो. हे पोलाद स्वतःचं संरक्षण प्राणवायूच्या जोरावर करतं. बोट महिनोन्‌महिने उभी राहिली की नळीतलं पाणी साचून राहतं, त्यातला प्राणवायू संपतो आणि ग्लँडच्या दोरीखाली किंवा बेअरिंगच्या आत शाफ्टला खड्डे पडतात. बाहेरून चकाकणारा शाफ्ट आतून कमजोर असू शकतो. दर काही वर्षांनी तो पूर्ण बाहेर काढून पाहणं हाच त्यावर इलाज आहे.

एवढं झाल्यावर कपलिंग. सगळ्या तपासात सर्वांत जास्त चुका होतात त्या इथे, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

मोजमाप बोट पाण्यात असतानाच करायचं. जमिनीवर आधारांवर उभी असलेली बोट आणि पाण्यात तरंगणारी बोट यांचा आकार सारखा नसतो. लाकडी बोटींत हा फरक मोठा असतो, कारण फळ्या पाणी पिऊन फुगतात. पण फायबरग्लासचं कवचही वाकतं. त्यात डोलकाठीच्या तारांचा ताण. मागची तार घट्ट केली की बोटीची दोन्ही टोकं किंचित वर खेचली जातात. म्हणून बोट पाण्यात सोडल्यावर निदान एक दिवस थांबायचं, तारा नेहमीइतक्या ताणायच्या, पाण्याच्या आणि डिझेलच्या टाक्या नेहमीइतक्या भरलेल्या ठेवायच्या आणि मग हात घालायचा.

कपलिंगचे बोल्ट काढले की शाफ्टचं सुटं टोक स्वतःच्या वजनाने खाली झुकतं. हे वजन विसरलं तर पुढचं सगळं माप खोटं. २५ मिलिमीटरच्या स्टीलच्या शाफ्टचं वजन मीटरला चार किलोच्या जरा आत असतं. ग्लँडपासून कपलिंगपर्यंत मीटरभर शाफ्ट मोकळा असेल, तर त्याचं अर्धं वजन म्हणजे जवळजवळ दोन किलो आणि कपलिंगच्या तबकडीचं पूर्ण वजन, समजा दोन किलो. स्प्रिंगच्या काट्याने शाफ्टचं टोक तेवढं चार किलो वर उचलून धरायचं. आता दोन्ही तबकड्या जेमतेम टेकवायच्या आणि घड्याळातल्या बारा, तीन, सहा आणि नऊच्या जागी फीलर गेज घालून फट मोजायची. तबकडीच्या व्यासाच्या दर इंचाला एक थाऊ, म्हणजे चार इंची तबकडीला चार थाऊ, मिलिमीटरच्या भाषेत ०.१, एवढा फरक चालतो.

समजा, सहाच्या जागी फट आठ थाऊ जास्त निघाली. इथेच बहुतेक मिस्त्री पाना उचलतात. उचलू नये. गिअरबॉक्सची तबकडी जागच्या जागी ठेवून फक्त शाफ्ट अर्धा फेरा फिरवायचा आणि पुन्हा मोजायचं. फट अजूनही सहालाच असेल तर इंजिन खरोखर तिरकं आहे. फट शाफ्टबरोबर फिरून बाराला गेली असेल, तर इंजिन निर्दोष आहे. शाफ्ट वाकलेला आहे किंवा त्याची तबकडी शाफ्टशी काटकोनात नाही. मग शाफ्ट आणि तबकडी एकत्र लेथवर नेऊन तोंड घासून आणावं लागतं. या अर्ध्या फेऱ्याला दोन मिनिटं लागतात आणि तो वगळल्यामुळे चांगली बसलेली इंजिनं हलवली जातात. हीच गोष्ट शाफ्ट स्थिर ठेवून गिअरबॉक्सची तबकडी फिरवूनही करावी, म्हणजे गिअरबॉक्सचं बेअरिंगही तपासलं जातं.

इंजिन तिरकंच निघालं तरी किती उचलायचं ते आधी कागदावर काढता येतं. १०० मिलिमीटरच्या तबकडीवर ०.१ मिलिमीटरचा फरक म्हणजे हजारात एकाचा उतार. पुढच्या आणि मागच्या माउंटिंगमध्ये अर्ध्या मीटरचं अंतर असेल तर एका जोडीला अर्धा मिलिमीटर वर किंवा खाली करावं लागेल. आधी उभी दिशा, मग आडवी, आणि नट आवळल्यावर पुन्हा एकदा मोजणी. कारण आवळताना इंजिन सरकतंच.

माउंटिंगचं रबर मात्र याआधीच पाहिलेलं असावं. गळलेलं डिझेल आणि तेल यांनी ते मऊ होतं, दबतं, धातूपासून सुटतं. एक माउंटिंग दोन मिलिमीटर खचलेलं असताना केलेलं अलाइनमेंट पुढच्या महिन्यात गेलेलंच असतं. बदलायचं तर चारही एकदम. डॅम्पर प्लेटची गोष्ट थोडक्यात सांगता येते: मंद फेऱ्यांवर गिअरबॉक्सच्या तोंडाशी खडखड आणि वेग देताच शांतता, तर तिच्या स्प्रिंगा गेल्या.

कपलिंगच्या मध्ये बसवण्याच्या लवचीक तबकड्यांबद्दल जाणकारांत दोन मतं आहेत. त्यांनी आवाज कमी होतो आणि दोर अडकला तर गिअरबॉक्स वाचतो, हे खरं. पण ‘आता अलाइनमेंटची चिंता नको’ म्हणून त्या विकत घेणारे बरेच आहेत, आणि ते मत साफ चुकीचं आहे. तिरक्या रेषेवर बसवलेली लवचीक तबकडी प्रत्येक फेऱ्याला वाकते, तापते आणि फाटते. बेअरिंगवरचा बाजूचा दाबही पूर्ण जात नाही. सांधेवाला शाफ्ट आणि वेगळं रेटा-बेअरिंग असलेली यंत्रणा ही वेगळी गोष्ट आहे. ती पंख्याचा रेटा इंजिनावर येऊच देत नाही, म्हणून मऊ माउंटिंग वापरता येतात. मात्र तिच्यासाठी तळाला भक्कम आडवी भिंत बांधावी लागते आणि जुन्या अरुंद बोटीत तेवढी जागा क्वचितच मिळते.

हे सगळं नुसत्या आरामासाठी करायचं असतं, तर एवढं लिहिण्याचं कारण नव्हतं. थरथर पाणी आत आणते. १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिश युद्धनौका ‘प्रिन्स ऑफ वेल्स’वर जपानी टॉर्पेडो डाव्या बाहेरच्या शाफ्टजवळ आदळला. वाकलेला शाफ्ट फिरत राहिला आणि त्याने भिंतींमधले ग्लँड फाडत नेले. त्या वाटेने पाणी आत शिरलं आणि नौका बुडण्यामागे ते मोठं कारण ठरलं. त्याच नावाची ६५,००० टनांची आजची विमानवाहू नौका ऑगस्ट २०२२मध्ये पोर्ट्समथहून अमेरिकेला निघाली आणि आइल ऑफ वाइटजवळच थांबली. उजव्या शाफ्टचं कपलिंग निकामी झालं होतं. तीस फुटी बोटीत आकडे लहान असतात, वाट तीच असते. थरथरीने ग्लँडची रबरी नळी धरणाऱ्या पट्ट्या सैल होतात, कपलिंगचे स्क्रू मागे फिरतात, आणि रिव्हर्स टाकल्यावर शाफ्ट कपलिंगमधून निसटून बाहेर सरकतो. सुदैव असेल तर तो सुकाणूला अडतो. नसेल तर तळाला शाफ्टच्या जाडीचं भोक उरतं. कपलिंगच्या स्क्रूंना तारेने बांधणं आणि ग्लँडच्या पुढे शाफ्टवर एक जादा कडं आवळून ठेवणं, हे दोन उपाय काही रुपयांत होतात.

थरथर अचानक सुरू झाली आणि ग्लँडमधून पाणीही वाढलं, तर तपास बंदरात करावा. समुद्रात इंजिन बंद करून शिडावर यावं.

बोट पुढच्या वेळी बाहेर काढण्याआधी कोणत्या फेऱ्यांवर, कोणत्या गिअरमध्ये, किती जोराने थरथरतं, ते वहीत तारखेसह लिहून ठेवा. काम देताना ‘अलाइनमेंट करून द्या’ असं म्हणू नका. कपलिंगच्या चार बाजूंची मापं शाफ्ट फिरवण्याआधीची आणि फिरवल्यानंतरची, बोट पाण्यात असताना घेतलेली, लेखी मागा. ती मापं द्यायला जो तयार नाही, त्याला इंजिनाच्या नटांना हात लावू देऊ नका.